दुधाच्या मापानं पाणी

माळवस्ती, पोस्ट कडा
मंगळवार, ३१ मार्च १९८७, पाडव्याचा दुसरा दिवस

चि. सौ. सिंधूस तुझ्या मायचा आशीर्वाद. आणि हा तिनं स्वतःच्या हातानं लिहिलाय, कुणाकडून लिहून घेतलेला न्हाई.

एवढं लिहायला मला दोन शेळ्या पिळून होतील इतका वेळ लागला. अक्षर वाकडं हाय, चालवून घे. लहानपणी पहिलीचं बुक अर्धं झालं आणि माझं लग्न लागलं. उरलेलं अर्धं आता शिकतेय. दूध सोसायटीच्या पत्र्याखाली दुपारी मोठ्या बायांचा वर्ग भरतो. शिकवतं कोण, तर आपली छबू. तुझ्या धाकट्या भावाची, त्रिंबकची बायको. तू तिला बघितलेलं न्हाई. लग्नाला तू आली न्हाईस, त्याचं मी काही म्हणत न्हाई.

छबू लिंबागणेशची, सातवी पास. दिसायला काडी. आली तेव्हा मी मनात म्हणलं, ही काय घागर उचलणार! आता तिला बघून माझं तोंड उघडं राहतं. हिनं आल्याआल्या घरात काय केलं सांगू? आपली रॉकेलची बाटली पाण्याच्या बाटलीशेजारी असायची, तुला माहीतच हाय. एकदा उन्हातून येऊन मी त्यातलाच घोट घेतला होता. दोन दिवस ढेकरा चिमणीच्या वासाच्या. छबूनं ती बाटली उचलून वरच्या कोनाड्यात ठेवली आणि मानेला लाल चिंधी बांधली. मी म्हणलं, "हिला काय नवरीसारखी सजवतीस?" तर म्हणली, "आत्या, लाल दिसलं की हात मागं घ्यायचा. वाचता येणाऱ्यालाबी न् न येणाऱ्यालाबी कळतं." कपाशीवर फवारायचं औषध तिनं गोठ्यातल्या पेटीत कुलपात टाकलं. स्टोला पंप मारायचा तर पदर खोचून, पोराला लांब बसवून. माझ्या पदराला तर पिनच लावून दिली. आता सगळ्या वस्तीत बाया पदराला पिन लावतात, आणि सांगतात काय, की चंद्रभागाबाईची फॅशन हाय!

दुष्काळ लई. आडाला पाणी न्हाई, टँकर एक दिवसाआड. नाहीतर नदीत खड्डा करायचा आणि वाटीवाटीनं झिरपायची वाट बघायची. जनावरं छावणीत. त्रिंबक सोसायटीत दूध मापायला हाय, पण मापायला दूधच न्हाई. चेअरमन सुंदरराव रोज सकाळी येऊन रिकाम्या कॅनला टिचकी मारून जातात.

तुझा भाचा गहिनीनाथ चौदा महिन्यांचा झाला. धरून चालतो, शेळीच्या शेपटाला धरून. मागच्या महिन्यात त्याला हगवण लागली होती, जोराची. छबूनं वाचवला. आता कुत्र्याच्या तोंडातली भाकर ओढतो.

बाकी काय लिहू. बहात्तरच्या दुष्काळात तुझी लेक या घरात गेली, आणि तिच्यामागं तूही गेलीस. चौदा वर्षं झाली. एकदा येऊन जा, एवढं म्हणता यावं म्हणून अक्षर गिरवलं. पत्र फाडू नको. फाडायचंच तर छबूबद्दलचं वाचून मग फाड.

तुझी माय


शुक्रवार, १७ एप्रिल १९८७

चि. सिंधूस,

तुझं कार्ड आलं. पोस्टमन रस्त्यावरूनच ओरडला, "चंद्रभागाबाई, परळीहून!" मी हातातलं पीठ तसंच घेऊन पळाले. कार्डाला अजून पीठ चिकटलेलं हाय. वर परळीच्या वीजघराची राखही असंल, कोण सांगावं.

कार्डावर एकच ओळ. "गहिनीला पाणी दिलं का तोडलं?"

मी ते मोठ्यानं वाचलं. त्रिंबक खाली बघायला लागला. छबू म्हणली, "आत्या, सगळं लिहा. मी मध्ये बोलत न्हाई." मग लिहिते.

सिंधू, पहिले दीड दिवस तोडलं.

तुला ठाऊक हाय आपली रीत. पोट सुटलं की पाणी तोडायचं. वरून पाणी गेलं की खालून आणखी येतं, असं माझ्या सासूनं मला सांगितलं आणि तिला तिच्या सासूनं. गहिनीला सकाळपासून सात-आठ वेळा झाली, तेव्हा मी माठ उचलून कणगीवर ठेवला आणि सांगितलं, कुणी थेंब द्यायचा न्हाई. अंगावर पाजायचंही बंद. शेजारची कडूबाई आली, तिनं माझीच री ओढली. छबू म्हणली, "आत्या, दवाखान्याच्या सिस्टरबाई तर उलटं सांगत्यात." कडूबाई म्हणली, "सिस्टरबाईला लेकरं किती? बिनलग्नाची हाय ती!" आमी दोघी हसलो. छबू हसली न्हाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगं रडायचं थांबलं. मी म्हणलं, बघ, गुण आला. छबू उठली, सोसायटीत गेली आणि दुधाचं लिटरचं माप कडेवर घेऊन आली. मागं सुंदरराव, धोतर सावरत. "अगं सूनबाई, सोसायटीचं माप कुठं चाललं?" ती म्हणली, "मामा, दूध न्हाई तर माप काय करतंय? मला पाणी मोजायचंय." सुंदरराव म्हणले, "दुधाच्या मापानं पाणी मोजू नको बाई, आधीच लोकं आमाला पाणीवाले म्हणत्यात!"

मी दारात बसलेली, माठाच्या वाटेत. म्हणलं, "या घरात हगवणीला पाणी देत न्हाईत."

मला वाटलं आता भांडंल. ती भांडली न्हाई. गहिनीला तिनं माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणली, "आत्या, याच्या पोटाची कातडी चिमटीत धरा आणि सोडा. एवढंच करा. मग तुमी सांगाल तसं."

मी धरली. सोडली. कातडी खाली बसंना. मळलेल्या कणकेला चिमटा काढल्यासारखी घडी तशीच उभी. डोळे खोल गेलेले, टाळू खड्डा. रडत होता तर डोळ्यात पाणी न्हाई. गुण आला न्हवता, रडायची ताकद सरली होती.

मी उठले आणि माझ्या हातानं माठ खाली काढला.

तिनं आदल्या दिवशीच पाणी उकळून, झाकून ठेवलं होतं, मला चोरून. ते मापानं एक लिटर घेतलं. त्यात चहाचे सहा चमचे साखर. चमचा भरला की सुरीच्या पाठीनं सपाट करायचा, शीग ठेवायची न्हाई. आणि मीठ अर्धा चमचा, तोही सपाट. मी म्हणलं, एवढी मोजामोजी कावून? तर म्हणली, "मीठ जास्त झालं तर लेकराला आणखी बाधतं. तांब्या कुणाचा लहान, कुणाचा मोठा. माप मातर सगळ्यांचं एक." मग एक थेंब मला चाखायला दिला. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागू नये, असं सिस्टरबाईनं सांगितलेलं. मला चव कळंना. म्हणलं, तूच बघ.

चमच्याचमच्यानं पाजलं. त्यानं ओकलं. मी म्हणलं, झालं! ती म्हणली, "थोडं थांबायचं, मग पुन्हा." घटकाभर थांबली, पुन्हा चमचा. मधेमधे अंगावर घेतलं. त्रिंबकला तेवढ्यात सायकल घेऊन उभं केलं, पोरगं चमचा घेईना झालं तर क्षणात कड्याच्या दवाखान्यात न्यायचं म्हणून. ऊन उतरायच्या आत गहिनी माझ्या मांडीवर मुतला. सिंधू, एवढा आनंद मला तुमी दोघं जन्मलात तेव्हाही झाला न्हवता. ओलं लुगडं घेऊन मी सगळ्या वस्तीला दाखवून आले. दिवस मावळायच्या आधी त्याला सायकलवर नेऊन दाखवलंच. सिस्टरबाई म्हणली, "कुणी केलं हे पाणी? अगदी बरोबर केलंय." मी म्हणलं, "माझ्या सुनेनं."

ती कातडीची घडी मी आधी एकदा बघितलेली हाय. आता बोटं दुखायला लागली.

माय


मंगळवार, २१ एप्रिल १९८७

सिंधू,

तुझं उत्तर यायची वाट न बघता लिहितेय, कारण चार दिवस झाले, मला भाकर गोड लागंना.

छबू म्हणली, "आत्या, घडी बघितली म्हणून लिहिलंत आणि बोटं दुखली म्हणून सोडलंत. बोटं एवढी दुखत न्हाईत." पोरगी लई तिखट हाय, सिंधू. तुझ्यासारखी.

तर लिहिते. त्र्याहत्तरचा उन्हाळा. तुझे बा खडी फोडायला सरकारी कामावर. जावईबापूंना परळीला नुकतीच नोकरी लागली होती, राहायला खोली न्हवती, म्हणून तू लेक घेऊन इकडं आलीस. ती आठ महिन्यांची. तिला हगवण लागली. तू तांब्या घेतलास आणि मी तुझ्या हातातून काढून घेतला. तू म्हणलीस, "माय, तिची जीभ कोरडी पडलीय." मी म्हणलं, "तुला किती लेकरं झाली? मला पाच झाली, दोन जगवली." हे मी मोठ्या तोऱ्यात म्हणलं. बाकीचे तीन कशानं गेले हे मी तेव्हा स्वतःला विचारलं न्हाई. आता विचारते.

तिसऱ्या दिवशी ती गेली. मी लोकांना सांगितलं, दुष्काळानं नेली. तुझ्या सासरी सांगितलं, देवानं नेली. पाण्याचं कुणापाशी बोलले न्हाई. तू पण बोलली न्हाईस, उठून गेलीस. बांच्या दहाव्याला आलीस तेव्हा ओट्यावर बसलीस, आणि मी गूळपाणी आणलं तर तोंड फिरवलंस. बाया म्हणल्या, सिंधू शिष्ट झाली, क्वार्टरात राहते. मी त्यांना म्हणू दिलं.

मला पाणी द्यायचं माहीत न्हवतं, हे खरं. पण तुला माहीत होतं, हेही खरं. तू कुठं शिकली न्हवतीस, कुण्या सिस्टरबाईनं तुला सांगितलं न्हवतं. तू लेकराच्या तोंडाकडं बघून ओळखलंस. छबूची मी वस्तीभर वाखाणणी करत फिरते, आणि माझ्या पोटची तिच्याइतकीच शहाणी, हे मला चौदा वर्षांत एकदा म्हणता आलं न्हाई.

एवढंच.

माय


रविवार, १० मे १९८७

चि. सिंधूस आशीर्वाद.

तुझं कार्ड न्हाई, पत्र न्हाई. मी रोज पोस्टमनला बघून डोकीवरचा पदर नीट करते आणि तो रोज हात हलवून जातो. असू दे. मला सांगायचंय ते ऐक.

वस्तीत चार लेकरांना हगवण लागली. नदीतल्या खड्ड्याचं पाणी गढूळ, आणि टँकरचं म्हणावं तर तिथं घागरीला घागर आपटून भांडणं. एक लेकरू कडूबाईचा नातू. नऊ दिवसांमागं, शुक्रवारी, सिस्टरबाई आल्या. सोसायटीच्या पत्र्याखाली बाया जमवल्या. छबूनं फळ्यावर माठ काढला, माठावर झाकण काढलं, लांब दांड्याचं वगराळं काढलं. "हात माठात बुडवायचा न्हाई. पाणी उकळून घ्यायचं, सरपण थोडं असलं तर लेकरापुरतं तरी उकळा. परसाकडून आल्यावर हात साबणानं धुवा, साबण नसला तर राखेनं." एक बाई म्हणली, "प्यायला पाणी न्हाई, हात कशानं धुवू? तुझ्या फळ्यावरच्या माठातलं दे!" सगळ्या हसल्या. छबूनं रागावावं का न्हाई? तिनं एका वाटीतल्या पाण्यात दोन हात धुऊन दाखवले. वाटीतलं पाणी उरलं. ते तिनं मिरचीच्या रोपाला घातलं.

मग मीठ-साखरेचं पाणी. तेव्हा कडूबाई उठली. "चहाला साखर न्हाई अन् हगवणीला साखर! अन् पाणी पाजायचं म्हणं! मी बारा बाळंतपणं केली वस्तीत." आणि माझ्याकडं वळली. "चंद्रभागे, तू बोल. आपण कधी दिलं का पाणी? तुझ्या सासूनं दिलं? माझ्या सासूनं दिलं?"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. माझं वय बघून. छबू बघत न्हवती, तिनं मान फळ्याकडं वळवली. मला मोकळं ठेवलं तिनं.

मी उठले. गुडघा वाजला, तो सगळ्यांना ऐकू गेला. म्हणलं, "न्हाई दिलं, कडूबाई. माझ्या सिंधूची लेक पाण्यावाचून गेली. मी तोडलं होतं. माझी लेक पाणी द्या म्हणत होती. ती बरोबर होती, मी चूक होते. त्या लेकराचं नाव मैना."

सिंधू, ते नाव मी चौदा वर्षांत तोंडातून काढलं न्हवतं. काढलं ते पत्र्याखाली चाळीस बायांसमोर. कडूबाईचं तोंड लाल. म्हणली, "सुनेनं दोन अक्षरं शिकवली तर लई शानी झालीस." आणि फणकाऱ्यानं निघाली. मला वाटलं, गेली, आता तिचा नातूही जाणार.

ती कोपऱ्यात गेली, सोसायटीचं माप उचललं आणि काखेत मारून घराकडं चालायला लागली. बारा बाळंतपणं केलेली बाई, तरातरा! सुंदररावांना म्हणली, "चेअरमन, माप संध्याकाळी देते, तोवर दूध रांजणात मोजा!" छबू तिच्यामागं साखरेची पुडी घेऊन पळाली.

नातू बरा हाय. बाकीचे तिघंही. एकाला कड्याच्या दवाखान्यात दोन दिवस ठेवून सलाईन लावावं लागलं, पण आला घरी. कडूबाई आता वस्तीभर सांगते, "अर्धा चमचा मीठ, सपाट! सपाट म्हणलं ना गं!" जशी काही तिच्याच आजीची रीत.

तू यावंस म्हणून हे लिहिलेलं न्हाई. तुला कळावं म्हणून लिहिलंय की वस्तीत आता तुला कुणी शिष्ट म्हणत न्हाई.

माय


गुरुवार, २८ मे १९८७

सिंधू,

परळीहून पाकीट आलं. जाड. मी पदर नीट केला. वर नाव छबूचं.

मला वाईट वाटलं न्हाई. म्हणजे वाटलं, पण दही विरजायला लागतं तेवढंच. छबू म्हणली, "आत्या, मी वाचू का तुमी वाचता?" मी म्हणलं, तुझं हाय, तू वाच, मला सांगायचं ते सांग. तिनं सगळं मनात वाचलं. मग माझ्या जवळ येऊन बसली आणि एक पान माझ्या हातात दिलं. "हे तुमचं हाय, आत्या. नाव माझं असलं तरी."

मी अक्षर अक्षर लावून वाचलं. दुपार गेली.

तू लिहिलंस, "छबू, तू माप आणायला गेलीस. मी कावून गेले न्हाई? दुसऱ्या दिवशी दुपारी माय झोपली होती. माठ तिथंच होता, चार पावलांवर. मी उठले, माठापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. का परतले ते मला आजतागायत कळलं न्हाई. मी आई होते. मायचा राग मी चौदा वर्षं केला, पण खरा राग माझा मलाच हाय."

सिंधू, मी तुला चार पत्रांत लई काही लिहिलं. तांब्या काढून घेतल्याचं लिहिलं. चाळीस बायांसमोर बोलले, आणि मला वाटलं, झालं, आता पोटात काही उरलं न्हाई. एक गोष्ट उरली होती. ती मी छबूलाही सांगितली न्हवती.

त्या दुपारी मी झोपले न्हवते. डोळे मिटून पडले होते. तुझ्या बांगड्या वाजल्या, मी पापणीतून बघितलं. तू उठलीस, पोरीला काखेत घेतलंस आणि माठापाशी गेलीस. झाकणावर हात ठेवलास. आणि मी खाकरले. मोठ्यानं, तुला ऐकू जाईल असं. तू चमकलीस, हात काढलास आणि येऊन बसलीस.

तू परत आली न्हाईस. मी तुला परतवलं.

लहानपणापासून तुला माझ्या खाकरण्याचा धाक. दूध सांडलं की मी खाकरायची, उशिरा घरी आलीस की खाकरायची, बोलायचीसुद्धा गरज पडायची न्हाई. तुझं मन विसरलं, तुझे पाय विसरले न्हवते. तू वीस वर्षांची, बापाच्या घरी आलेली, अंगात ताकद न्हाई. छबूला मी दारात आडवी बसले तरी भांडायला तिचा नवरा तिच्या बाजूनं होता, सिस्टरबाई होती, सोसायटीचं माप होतं. तुझ्या बाजूनं कुणी न्हवतं. तरी तू उठलीस. बाई, माझ्या आख्ख्या आयुष्यात माझ्या धाकाविरुद्ध चार पावलं टाकणारी तू पहिली.

हे मी छबूला वाचून दाखवलं. तिनं पाकीट आणून माझ्या पुढ्यात ठेवलं. मग म्हणली, "आक्काला आजच पाठवा." त्रिंबक सायकलवर कड्याला टाकायला निघालाय, दारात घंटी वाजवतोय, म्हणून आवरते.

यायचं का न्हाई ते तुझं तू ठरव, मी आता काही मागत न्हाई. फक्त रात्रंदिवस स्वतःला जे विचारत आलीस ना, ते आजपासून विचारू नको. मी बघितलंय. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तू माठापर्यंत गेलतीस.

सौ. न्हाई आता, नुसतीच
चंद्रभागा धोंडीराम,
मैनाची आजी